मामाजींचं कॉकपिट

माझे सासरे विमानातून खाली पडले, तेव्हा ते माझ्या शेजारीच उभे होते.

आणि याला जबाबदार माझा साडू! (जगात जे काही वाईट होतं ते तुम्ही साडूच्याच नावावर टाकता, असं माझी बायको मीना म्हणते. म्हणू दे. टाकतोच मी.)

साडूचं नाव प्रशांतराव. पुण्याला असतात, कम्प्युटरवर काहीतरी करतात आणि डोक्यावरचे सगळे केस अजून शाबूत आहेत. मी वाशिमचा. चष्म्याचं दुकान आहे. केसांचा विषय नको. मी थोरला जावई, ते धाकटे. पण दिवाळीत ते सासुरवाडीला, आसेगावला, रिमोटवर उडणारं विमान घेऊन आले आणि माझं थोरलेपण तिथंच संपलं. अख्खं गाव पडीक रानात गोळा झालं. विमानानं आकाशात कोलांटी मारली आणि मामाजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, डोक्यावरची टोपी हवेत फेकली! माझ्या लग्नात त्यांनी ती साधी सरळसुद्धा केली नव्हती.

तेव्हापासून पाहुण्यांना ओळख करून देताना ते म्हणायचे, "हे आमचे इमानवाले जवाई." मग माझ्याकडे बघून जरा थांबायचे. "अन् हे... हे बी जवाईच हायेत."

बी! त्या 'बी'नं मला अन्न गोड लागेना. शेवटी मीही एक विमान मागवलं. दोनचार वेळा बाभळीत घातलं, पण सरळ उडवायला शिकलो. कोलांटी मात्र जमेना. मग साडूवर मात करायची तरी कशी? त्यांच्या विमानाचा फोटो मोबाईलवर मोठा करकरून बघत बसलो आणि एकदम ओरडलो, "मीना! ह्याचं कॉकपिट रिकामं हाये!"

"कायचं?"

"अवो, पायलट बसते ती जागा! आतमंदी कोनीच नाई! नुसता काळा कागद चिपकवला!"

"मंग उडते कसं?"

"ते सोड ना तू!"

त्या दिवसापासून दुकानात चष्मे कमी आणि कॉकपिट जास्त. बारीक स्क्रू, बारीक पेचकस, भिंग, सगळं हाताशी होतंच. पुढच्या फळीवर घड्याळासारख्या गोल तबकड्या बसवल्या आणि प्रत्येकीला काचेचं खरं झाकण! सीटला मीनाच्या जुन्या पर्सचं चामडं. (जुनी आहे, असं मला वाटलं. तिला तसं वाटलं नाही. असो.)

"भाऊ, माह्या चष्म्याची काडी झाली का?" एक म्हातारे बाबा रोज यायचे.

"थांबा ना बाबा, इमानाच्या काट्याले रंग देऊन राह्यलो!"

आता पायलट कोण? इथं मला अशी कल्पना सुचली, जी फक्त जळणाऱ्या माणसालाच सुचते. पायलट मामाजी! सासरेच माझ्या विमानात बसल्यावर साडू काय करणार? थर्माकोलचा पुतळा हलका झाला असता, पण थर्माकोलात मामाजींचा रुबाब येईना. म्हणून प्लंबर वापरतात ती पुट्टी घेतली. पांढरी टोपी, धोतर, रंगाच्या ब्रशच्या केसांच्या मिशा. हुबेहूब! वजन जरा जास्त झालं, पण मामाजींचंही जास्तच आहे.

मोबाईलवरच्या व्हिडिओत एक माणूस बजावत होता, पायलट सीटला गोंदानं पक्का चिकटवा. मामाजींना गोंद लावू? जावई आहे मी! मी त्यांना चष्म्याच्या दोरीच्या हुकाचा सीटबेल्ट केला. खराखुरा, काढघाल करता येणारा.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून, पाय धुऊन, पुरणाचे धोंडे जेवू घालायची आपली रीत. पाय आधी थोरल्याचे, हे सांगायलासुद्धा नको. पण मीना फोन ठेवून हळूच म्हणाली, "माय म्हणते, प्रशांतराव दुरून येऊन राह्यले, तं पह्यले त्यायचे पाय धुवू."

"मी काय जवळून येतो म्हणून माह्ये पाय नाईत का?"

विमान घेऊनच निघालो. अंगणात खोक्यातून ते बाहेर काढलं आणि मामाजींच्या हातात भिंग दिलं. त्यांनी काचेतून आत पाहिलं. पुन्हा पाहिलं. मिशा थरथरल्या.

"अबे! हा तं मीच हावो!"

"हाव मामाजी."

"ह्या मिशा माह्याच! धोतर बी माह्यंच!" त्यांनी रस्त्यानं जाणाऱ्याला आत बोलावलं. "ये, पाह्य, मी इमानात बसलो!" मग घरात हाक मारली, "अवो, ऐकता का? पाय पह्यले थोरल्या जवाईचे धुवायचे बरं!"

मी साडूकडे पाहिलं. वाटलं, चेहरा पडला असेल. तर हा माणूस मनापासून म्हणतो, "वा दादा, काय बारीक काम केलंय! मला नसतं जमलं." चांगला माणूस आहे हो तो. तोच तर त्रास आहे!

मामाजींना दम निघेना. आधी विमान, मग पाय, मग जेवण, असं ठरलं. रानात गेलो तर मामीजी, म्हणजे सासूबाई, पूजेचं ताट घेऊन मागोमाग हजर. नवीन गाडी बिनापूजेची कशी काढायची? नारळ फोडला, विमानाच्या नाकाला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं.

"अन् आतमंदी बसले त्याहिले गंध नाई लावत का?" मामीजी म्हणाल्या.

मी कॉकपिटवरचं काचेचं झाकण काढलं, सीटबेल्ट सोडला, छोट्या मामाजींना ताटात ठेवलं. मामीजींनी गंध लावलं, ओवाळलं. मोठे मामाजी बाजूला उभं राहून म्हणाले, "मले बी लावा ना थोडंसं." त्यांनाही लावलं. मग छोट्यांना सीटवर बसवून मी झाकण बंद केलं.

विमान काय झोकात उडालं! सोयाबीनच्या हिरव्या रानावरून एक चक्कर, दुसरी चक्कर. "मी पाहा कुठी हावो! पार वर हावो!" मामाजी सगळ्यांना सांगत होते. तिथंच थांबलो असतो तर आज ही वेळ आली नसती. पण साडू हळूच म्हणाला, "छान चाललंय दादा. सरळच ठेवा फक्त, पुढे वजन आहे."

सरळच ठेवा म्हणे! म्हणजे कोलांटी काय फक्त पुण्याच्या जावयानंच मारायची? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मारली कोलांटी!

विमान उलटं झालं. झाकण उडालं. आणि आतून पांढरं काहीतरी निघून भिरभिरत खाली आलं.

"काय पडलं हो ते?" मामाजींनी विचारलं.

सीटबेल्ट! गंधासाठी सोडलेला सीटबेल्ट लावायचाच राहिला होता!

"जवाईबुवा," मामाजींचा आवाज बारीक झाला, "मीच पडलो का?"

"हाव मामाजी."

"अवो माय वं!" मामीजी किंचाळल्या. "आत्ताच तं ओवाळलं होतं!"

सगळे सोयाबीनमध्ये धावले. इकडे पुढचं वजन गेल्यामुळे विमान नाक वर करून पिसाळलं. मी रिमोटची सगळी बटणं एकदम दाबत सुटलो. साडूनं माझ्या हातातून रिमोट घेतला, विमान अलगद खाली उतरवलं आणि पँट चिखलात माखवत शोधायलाही गेला! सोयाबीनमध्ये सासरे स्वतःलाच शोधत फिरत होते.

"मी इकडे हावो का?"

"नाई मामाजी, तुमी तिकडे नाई. पाह्यलं मी."

"मंग गेलो कुठी मी?"

सापडले. कोणाला सापडले हे सांगू का? टोपी हरवली होती, अर्धी मिशी गेली होती. मामाजींनी स्वतःला तळहातावर घेतलं, फुंकर मारून चिखल उडवला आणि निकाल दिला, "पाय पह्यले प्रशांतरावचे धुवा. त्याहीनं मले हुडकलं. अन् मी आता याहिच्या इमानात नाई बसत. मले त्याहिच्यात बसवा. खुर्ची बी न्या, घड्याळं बी न्या."

म्हणून ओसरीवर साडूचे पाय धुणं चाललं होतं, तेव्हा मी बाजूला बसून पेचकसानं माझं कॉकपिट काढत होतो आणि त्याच्या विमानात बसवत होतो. "दादा, सावकाश हं, घाई नाही," तो पाटावरून म्हणाला. मग माझेही पाय धुतले. पाणी गार झालं होतं.

घरी आल्यावर माझं रिकामं विमान बघवेना. साडूच्या विमानात गोंदानं बसवलेल्या मामाजींचे फोटो पुण्याहून रोज यायचे. शेवटी हट्टानं पुन्हा सगळं केलं. नव्या तबकड्या, नवी सीट, आणि पायलट म्हणून मी स्वतः! या वेळी चूक नको म्हणून पायापासून मानेपर्यंत गोंदच गोंद. वाळल्यावर मीनाला दाखवलं. तिनं भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"झालं का माह्यासारखं?"

"हुबेहूब तुमीच! पन मान काहून वाकडी केली? पायलट समोर पाह्यते ना?"

"मंग हा कुठी पाहून राह्यला?"

"बाजूच्याचं इमान किती वर गेलं, ते."

मी मान सरळ करून पाहिली. हलेना. चांगली पक्की चिकटली होती.