चंचीतल्या गोळ्या

माझी बायको जाऊन हे चौथं वर्ष. तिच्या शेवटच्या आजारपणात मी काय केलं ते कुणाला पुरतं सांगितलेलं न्हाई. पोराला अर्धं माहीत आहे, सुनेला त्याहून कमी. मी चौथीपर्यंत शिकलेला, लिहायला मला फार वेळ लागतो. पण तोंडानं सांगायला बसलो की मी स्वतःला वाचवून सांगतो, हे माझ्या ध्यानात आलंय. म्हणून लिहून ठेवतो.

आमचं गाव परतूर तालुक्यातलं. जालना वेगळा जिल्हा झाला त्याला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. बायकोला शुगर होती आणि बीपी होता. परतूरचा एक डॉक्टर गोळ्या द्यायचा. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण गोळी चुकली असं कधी झालं न्हाई. गोळ्यांची सोय तिनं तिच्या चंचीत केल्ती. आईनं शिवून दिलेली कापडी चंची, चार कप्प्यांची, गुंडाळून दोरी आवळली की कमरेला खोचायची. दोन कप्प्यांत तंबाखू, सुपारी आणि चुन्याची डबी. उरलेले दोन गोळ्यांचे, वरचा सकाळचा आणि खालचा संध्याकाळचा. परतूरहून आलं की ती कात्रीनं पाकिटातली एक एक गोळी कापून सुटी करायची आणि कप्प्यात टाकायची. तिचा हिशोब साधा होता. कप्प्यात जितक्या जातीच्या गोळ्या असतील, त्यातली प्रत्येकी एक घ्यायची. कप्पा रिकामा होत आला की परतूर.

मी त्या चंचीला कधी हात लावला न्हाई. बायकोची चंची उचकणाऱ्या गड्याला आमच्यात कुणी मान देत न्हाई.

त्या वर्षी तुरी काढणीला आल्या तेव्हा तिला दम लागायला लागला. पाय सुजले. ओसरीवरून न्हाणीपर्यंत जायला दोनदा बसायची. परतूरच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हणाला, जालन्याला न्या. जीप करून जालन्याला गेल्तो. सरकारी दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. प्रत्येक ठिकाणी तेच सवाल आणि प्रत्येक ठिकाणी मी पहिल्यापासून सांगायचं.

जालन्याच्या डॉक्टरनं विचारलं, "बाबा, आधीच्या गोळ्या कोणत्या चालू होत्या?"

"पांढऱ्या."

"सगळ्याच पांढऱ्या असतात."

"एक बारकी पांढरी, मधी रेघ. एक तिच्याहून मोठी. अन् एक गुलाबी."

"नाव काय?"

"आमच्याकडं गोळीचं बारसं करत न्हाईत, साहेब."

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा हसला. डॉक्टर हसला न्हाई. कागदावर कायतरी लिहून पुढल्या खाटेकडं गेला. मला तेव्हा वाटलं, बरं बोललो.

चंची तिनं घरीच खुंटीला लावली होती. दवाखान्यात तंबाखू दिसली की सिस्टर चंचीसकट फेकून देती, हे तिला कुणीतरी सांगितलेलं. मग आधीच्या गोळ्या कुणालाच बघायला मिळाल्या न्हाईत, जालन्यातही न्हाई आणि तिथून पुढं पाठवलं त्या औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातही न्हाई.

औरंगाबादला अकरा दिवस. अंगातलं पाणी काढलं, सूज उतरली. ती उठून बसायला लागली, बाजूच्या खाटेवरच्या बाईशी भांडायलाही लागली, तेव्हा मला समजलं की आता ही बरी होणार. सुट्टीच्या दिवशी एका डॉक्टरीणबाईनं इंग्रजी कागद हातात दिला. तीन पाकिटं काढून दाखवली. सकाळच्या दोन पाकिटांवर पेनानं सूर्य काढला, संध्याकाळच्या एकावर चांद. बाई चांगली होती. आधीच्या गोळ्यांबद्दल ती काही बोलली का, ते मला आज सांगता येत न्हाई. बोललीही असंल. पॅसेंजर गाठायची होती, माझा एक पाय दाराबाहेर होता. मी इचारलं न्हाई, एवढं नक्की.

घरी आलो. सुनेनं दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत येऊन बायको भिंतीला टेकून बसली. कात्री धरायचं बळ हातात नव्हतं.

"चंची द्या इकडं. गोळ्या भरून ठिवते."

"तू बस. मी भरतो."

मी खुंटीवरून चंची काढली. नव्या गोळ्या कापल्या, सूर्याच्या वरच्या कप्प्यात टाकल्या, चांदाच्या खालच्या.

"आवो, आदीच्या हायेत की त्यात."

"असू दे. त्या परतूरच्या, ह्या औरंगाबादच्या. दोन्ही डॉक्टरांनीच दिल्यात. जरा जास्तीचा जोर येईल."

शेतात मी असंच करतो. पीक पिवळं पडलं की खताचा आणखी एक हप्ता. माणसाच्या अंगाचं तसं नसतं, हे त्या वक्ताला डोक्यात आलं न्हाई.

"तुमी म्हणता तर," ती म्हणाली. नंतर तिच्या नियमानं ती प्रत्येक जातीची एक एक घ्यायला लागली. एका कप्प्यातून आता पाच निघायच्या.

आठ दिवस झाले असतील. चतुर्थी आली. तिनं उपास धरला. मी नको म्हणालो, ती म्हणाली, देवानं वाचवून आणलं आणि आता त्याचाच उपास मोडू का. सकाळी गोळ्या घेतल्या, वर कपभर चहा. ऊन चढलं तेव्हा ती अंगणात सुपात तूर घेऊन पाखडत होती. सूप हातातून सुटलं. मी बघितलं तर लुगडं घामानं भिजलेलं आणि बोलते काय ते कळेना. बघता बघता आडवी झाली.

पुन्हा जीप. परतूरच्या डॉक्टरनं ग्लुकोज टोचलं आणि जल्दी जालन्याला न्या म्हणाला. सगळ्या वाटेनं मी तिला बोलत होतो. "कुणी सांगितला होता उपास? तुला काय मरायची घाई झाली? सगळ्या घराला धावायला लावती." तिचं डोकं सुनेच्या मांडीवर. सून एकदा म्हणाली, "मामा, आता नका बोलू, आत्याला ऐकू येत असंल." मी गप बसलो न्हाई. भ्यालो होतो, आणि भ्यालेला माणूस बायकोवरच ओरडतो.

जालन्यात ग्लुकोजची बाटली लावली. तासाभरात तिनं डोळे उघडले, सुनेला नावानं हाक मारली. या वेळी मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या, पिकल्या केसांच्या, आवाज करडा.

"काय झालं होतं?"

"उपास केला हिनं. ऐकत न्हाई कुणाचं."

"गोळ्या आणल्यात?"

सुनेनं या वेळी चंची पिशवीत टाकली होती. बाईंनी ती घेतली, उलगडली आणि सगळी स्टीलच्या ट्रेमध्ये पालथी केली. तंबाखूची भुकटी, सुपारीची खांडं आणि गोळ्या. पेनाच्या टोकानं त्या एक एक बाजूला सारत गेल्या. पाकिटाच्या तुकड्यावरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचत होत्या. दोन गोळ्या त्यांनी जवळ जवळ आणल्या.

"ही आणि ही एकच आहे. कंपनी वेगळी. दोन्ही शुगरच्या. रोज दुप्पट गेलीय पोटात. उपास नसता तरी आजी आज ना उद्या पडल्याच असत्या." मग वर बघितलं. "ह्यांना गोळ्या कोण देतं?"

मी म्हणालो, "ती सोताच घेती."

हे खोटं होतं का? घेत तीच होती. पण बाईंनी काय इचारलं ते मला बराबर कळलं होतं.

बाई खाटेकडं वळल्या. "आजी, असं मनानं दोन-दोन डॉक्टरांचं औषध घेतात का? आज गेला असता ना जीव."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ न्हाई. मंग बाईंकडं बघून म्हणाली, "चुकलं, बाई."

बाई गेल्या. सून पाणी आणायला गेली. तेव्हा ती मला म्हणाली, "सगळ्या जन्मात माझ्या चंचीला हात लावला न्हाई, अन् लावला तो असा."

"हळू बोल."

"हळूच बोलते. मोठ्यानं बोलायचं असतं तर बाई हुत्या तवाच बोलले असते."

मी बाटलीतले थेंब बघत बसलो.

त्या पडण्यातून ती उठली, पण पहिल्यासारखी न्हाई. बोलता बोलता शब्द विसरायची. पायाची सूज परत आली. पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, हृदय थकलंय, मूत्रपिंडंही साथ देत न्हाईत. औरंगाबादला नेलं तर काही दिवस वाढतील, वचन देत न्हाई. आमचा पोरगा जालन्यातच, नवीन जालना भागात, बियाण्याच्या गोदामावर कामाला होता, तो म्हणाला, चला, आत्ताच गाडी करतो.

बायको म्हणाली, "मला घरी न्या."

पोरगा मला म्हणाला, "आबा, समजवा तिला. लोकं म्हणतील, आईला नेलं न्हाई."

"लोकं येणार हायेत का तिच्या खाटेजवळ बसायला? ती काय म्हणती ते ऐक."

पोरगा बाहेर जाऊन रडून आला. मंग त्यानंच सुट्टीचा अर्ज लिहिला.

सुट्टीच्या दिवशी बाईंच्या टेबलापुढं लाईन होती. बायको चाकाच्या खुर्चीत, खुर्ची पोरानं धरलेली. बाईंनी कागद भरून माझ्याकडं सरकवला. मी तो घेतला न्हाई.

"काय द्यायचं अन् काय बंद करायचं ते मराठीत लिहून द्या. मोठ्या अक्षरात."

सिस्टर म्हणाली, "बाबा, मागं लाईन बघा किती आहे."

"असू द्या लाईन."

बाई म्हणाल्या, "आता आजींच्या हातात गोळ्या देऊ नका म्हणजे झालं. मागच्या वेळी त्यांनी स्वतःच—"

"तिनं न्हाई." माझा आवाज जरा मोठाच निघाला. "गोळ्या म्या भरल्या होत्या. नव्या अन् जुन्या एकत्र. ती म्हणाली होती, आदीच्या हायेत म्हणून. म्या तुमच्या तोंडावर खोटं बोललो, बाई."

लाईनीतली माणसं ऐकत होती. पोरगाही ऐकत होता, त्याला तिथंच कळलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बोलतील. मी त्यासाठीच उभा होतो.

त्या म्हणाल्या, "घरी आता कोण देणार?"

"मीच."

"मग बसा."

सिस्टरनं स्टूल सरकवलं. बाईंनी नवा कागद घेतला आणि एका अंगाला लिहिलं ‘द्यायच्या’, दुसऱ्या अंगाला ‘बंद’. प्रत्येक गोळी कागदावर चिकटपट्टीनं चिकटवून तिच्यापुढं लिहिलं, कशाची, कधी, किती. सूज वाढली तर काय, दम लागला तर काय, खाल्लं न्हाई त्या दिवशी कोणती द्यायची न्हाई. आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाईंसाठी वेगळी चिठ्ठी. मग मला म्हणाल्या, आता तुम्ही सांगा. पहिल्या वेळी माझी दोन ठिकाणी चूक झाली. दुसऱ्या वेळी एका ठिकाणी. तिसऱ्यांदा बराबर आलं.

बायको खुर्चीतून पोराला म्हणाली, "बघ, तुझा बाप शाळेत बसला." मागं लाईनीत कुणीतरी हसलं. तीही हसली. तिचं ते हसणं मला रोज आठवतं.

घरी आणल्यावर ती सव्वा महिना जगली. नर्सबाई दर मंगळवारी यायच्या, कागद बघायच्या, गोळ्या मोजायच्या. दुप्पट गोळ्यांनी तिचे दिवस कमी झाले का, हे मी त्यांना इचारलं होतं. त्या म्हणाल्या, बाबा, हृदय आधीच गेलेलं होतं. मी ऐकून घेतलं. मला पुरतं पटलं न्हाई, अजून पटत न्हाई.

सकाळी गोळ्या मी द्यायचो. सुरुवातीला ती प्रत्येक गोळी तळहातावर उलटीपालटी करून बघायची. "ही कशाची?" मी भिंतीला लावलेल्या बाईंच्या कागदावर बोट ठेवून वाचायचो, "सुजेची." "अन् ही?" "बीपीची." मंग ती तोंडात टाकायची. कधी मुद्दाम परत इचारायची, मी चुकतो का बघायला. मला राग यायचा न्हाई.

शेवटच्या आठवड्यात एक दिवस तिनं इचारलं न्हाई. डोळे मिटूनच हात पुढं केला. मी कागद दोनदा वाचला आणि गोळी ठेवली. तिनं ती न बघता घेतली, वर पाणी प्याली. त्यानंतर रोज तसंच. तिला माझा भरवसा आला होता, का इचारायची ताकद उरली नव्हती, हे मी तिला इचारलं न्हाई. इचारायचं धाडस झालं न्हाई, आणि पुढच्या मंगळवारी नर्सबाई आल्या तेव्हा ती नव्हती.