खुर्चीत मी, स्टुलावर डॉक्टर

डॉ. वसंतराव पाथ्रीकर यांची आणि माझी पहिली भेट मुकुंदवाडीतल्या त्यांच्या दवाखान्यात झाली, तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीत बसलो होतो. मी पिशोरच्या शाळेत भूगोल शिकवत असे. चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि झोपेची गरजही वाटत नव्हती. आदल्याच दिवशी वेरूळला जाऊन परदेशी पाहुण्यांना लेण्यांविषयी माझे नवे मत ऐकवले होते. दोघांनी ते लिहूनही घेतले. "शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना तुमचा सल्ला पाहिजे," असे सांगून पत्नी शांताने मला आणले होते.

डॉक्टर आत आले आणि रुग्णाच्या स्टुलावर बसले.

"तुम्ही लई थकलेले दिसता," मी म्हणालो. "झोप लागते का?"

"सहा तास लागते. तुम्हाला?"

"मला कुठली सवड? कामं किती पडलीत!"

"कोणकोणती?"

मी पाऊण तास सांगत होतो. डॉक्टरांनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. मग शांताकडे वळून विचारले, "वहिनी, ह्याच्या उलटं कधी झालं होतं का?"

शांताला रडू आले. आदल्या वर्षी चार महिने मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, आंघोळीलाही उठत नव्हतो. "गावात म्हणले, बाहेरचं हाय," ती म्हणाली.

"बाहेरचं नाही, आणि ह्यांचा आळसही नाही. दोन्ही मिळून एकच आजार आहे. मन कधी फार वर जातं, कधी फार खाली. औषधानं आटोक्यात राहतं."

"नीट व्हतील का?"

"शाळेत शिकवतील, घरी भांडतील. अजून काय पाहिजे?"

लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. वेळच्या वेळी रक्त तपासायचे, पाणी भरपूर प्यायचे, मीठ मनाने तोडायचे नाही आणि ठरल्या वेळी झोपायचे. रोजची तब्येत टिपायला शांताला वही दिली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ती उघडली. एका पानावर लिहिले होते : 'आज भाजीवरून भांडले. प्रकृती उत्तम.' डॉक्टर चष्मा काढून हसले.

मात्र शांता फारच दक्ष झाली. मी जरा हसलो की कपाळाला हात लावून पाही. मी तक्रार केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वहिनी, झोप मोजा. हसू मोजू नका."

दोन वर्षांनी मला इतके बरे वाटू लागले की मी गोळ्या गुपचूप बंद केल्या. शहाणपणा माझा, निस्तरले दुसऱ्यांनी. काही महिन्यांत पुन्हा अंथरूण धरले. शांता बसने घेऊन आली. डॉक्टरांनी शेजारी बसून सरळ विचारले, "गुरुजी, जीव द्यावासा वाटतो का?"

तोवर हे कुणी विचारलेच नव्हते. "व्हय," मी म्हणालो, आणि छातीवरचे ओझे थोडे हलले.

त्यांनी मला उपदेश केला नाही की धाक घातला नाही. दाखल करून घेतले, औषधे बदलली, आणि रोज दुपारी स्वतःचा डबा माझ्या खाटेवर उघडला. पहिले आठ दिवस ते एकटेच जेवले. नवव्या दिवशी मी म्हणालो, "डाक्टरसाहेब, तुमच्या वांग्याच्या भाजीला चव नाय." ते आनंदाने उठून शांताला सांगायला गेले, "गुरुजींनी नाव ठेवलं! आता काळजी नाही."

त्यानंतर मी निवृत्तीपर्यंत शिकवले. मुलीचे लग्न केले, नातवंडे पाहिली. मध्ये दोनदा तोल जाऊ लागला. दोन्ही वेळा आम्ही वेळेत डॉक्टरांकडे पोचलो.

डॉक्टरांच्या या गौरव अंकासाठी लिहायला बसलो, तेव्हा अंकाच्या समितीतल्या एका सद्गृहस्थांनी सुचवले, नावाऐवजी 'एक हितचिंतक' लिहा, लोक काय म्हणतील. मी शांताला विचारले. ती म्हणाली, "नाव लिवा. ज्याच्या घरात असं माणूस असंल, त्याला कळू द्या कुठं जायचं ते."

आदरणीय डॉक्टरसाहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते असेच सरळ विचारोत, आणि समोरच्याला खरे सांगायचे बळ मिळो.

नारायण गणपत काकडे
निवृत्त शिक्षक, पिशोर
(डॉक्टरांचे जुने रुग्ण)