मेण लावलेल्या पट्ट्या

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला सगळे चकाचककाका म्हणत आणि काका त्यावर मनापासून खूश असत. त्यांच्या राज्यात परीक्षानळीवर बोटाचा ठसा सापडला, तर ती मोठी बातमी. बायको म्हणायची, मलाही एकदा पुसून कपाटात ठेवा, म्हणजे तुमचं लक्ष जाईल.

यंदा त्यांचीच लेक तिथे विज्ञान शिकवायला लागली होती, वर्षभराच्या बोलीवर. तिला कायम करायचं की नाही, हे मुख्याध्यापिकाबाई आज मागच्या बाकावर बसून ठरवणार होत्या. धडा विद्युतघटाचा. लेकीला आपलाही हातभार लागावा म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच जस्ताची आणि तांब्याची पट्टी घासून लखलखीत केली होती. वर पुन्हा काळवंडू नयेत म्हणून दिव्यावर जराशा गरम करून त्यांच्यावर मेणबत्ती फिरवली होती. कपाटांच्या कड्याकोयंड्यांना ते असंच करत.

लेकीने एका पात्रात झिंक सल्फेटच्या पाण्यात जस्ताची पट्टी उभी केली, दुसऱ्यात मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तांब्याची. दोन्ही पात्रं मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदाने जोडली, पट्ट्यांना वायरी लावल्या, मध्ये मीटर ठेवला. आता काटा बघा, असं ती मुलांना म्हणाली. मुलांनी बघितलं. काटा ढिम्म. तिने वायरी काढून लावल्या, कागद पुन्हा भिजवला, तरी ढिम्मच. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला.

दारात उभ्या काकांच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. बोलावं तर उभी हयात कमावलेली अब्रू जाणार, गप्प बसावं तर लेकीची नोकरी. ते पुढे आले.

"त्या पट्ट्यांना मी मेण लावलंय."

लेकीला हसू फुटलं. पॉलिशपेपर मागवून तिने वर्गासमोरच पट्ट्या खरवडायला घेतल्या आणि खरवडता खरवडता सांगत गेली. इलेक्ट्रोडचा, म्हणजे या पट्टीचा, धातू पाण्याला भिडायलाच हवा. जस्त झिजतं, पाण्यात उतरतं आणि जाताना आपले इलेक्ट्रॉन पट्टीवर सोडून जातं. ते वायरीतून तांब्याकडे धावतात. तिथे निळ्या पाण्यात विरघळलेलं तांबं ते इलेक्ट्रॉन घेतं आणि पट्टीवर येऊन बसतं. मेणाने दोन्हीकडची दारं लावून घेतली होती, मग येणार कोण आणि जाणार कोण?

पट्ट्या पुन्हा पाण्यात गेल्या आणि काटा टुणकन सरकला. मुलांनी बाकं बडवली.

"चूक माझी," ती मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाली. "पट्ट्या मी आधी तपासायला हव्या होत्या."

"तिची कसली? मेण मी लावलं."

"बाबा, प्रयोग माझा होता."

"आणि पट्ट्या माझ्या होत्या."

वर्ग खिदळायला लागला. मुख्याध्यापिकाबाई उठल्या. "कोणाची चूक ते घरी ठरवा," त्या लेकीला म्हणाल्या. "सावकाश ठरवा. तुम्ही आता इथेच राहणार आहात."

काकांना अर्थ कळायला जरा वेळ लागला आणि कळल्यावर बसायला स्टूल लागलं.