ताईच्या ट्रकचे हेडर

ताईचा ट्रक गॅरेजच्या फाटकातून आत यायच्या आधीच त्याची टकटक ऐकू आली आणि बाळ्याने कपाळाला हात लावला. बाळ्या म्हणजे पन्नाशी उलटलेला मेकॅनिक. पण थोरल्या बहिणीच्या तोंडी त्याचं दुसरं नाव कधी आलंच नाही.

"परत तडा गेला रे," ती खाली उतरत म्हणाली. "केबिनमध्ये धूर येतो. दिवसभर डोकं ठणकतं."

इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा ओतीव मॅनिफोल्ड त्याने दोनदा वेल्डिंग करून कसाबसा चालवला होता. त्या जुन्या गाडीचा भाग आता बाजारात मिळत नव्हता. म्हणून त्याच्या जागी बसवायला ताईने परस्पर दुसऱ्याच कंपनीचे हेडर उचलून आणले होते. आतड्यांसारख्या वळलेल्या चार नळ्या.

"हे बसतील म्हणून कुणी सांगितलं?"

"दुकानदाराने."

"मग त्यालाच बसवायला सांगायचं!" बाळ्या करवादला. पण हात पान्याकडे गेलेच.

मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या गंजलेल्या स्टडना, म्हणजे बोल्टांना, तेल पाजून पाजून तो थकला. तरी एक मुळाशीच तुटला. बाळ्या टायरवर टेकला. खांदा भरून आला होता.

"विकून टाक ही गाडी, ताई. आपण दोघंही आता भंगारात निघायला आलो."

"आणि करू काय? भिंतींशी गप्पा मारू?"

नवरा गेल्यावर याच ट्रकने विटा वाहून तिने दोन्ही मुली मार्गी लावल्या होत्या.

तुटका स्टड ड्रिलने काढेपर्यंत दुपार कलली. मग हेडर लावले, तर शेवटची नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासायला लागली. सगळं काढलं, नळी तापवून चेपली, परत लावली. तरी घासतच होती.

"गेलं खड्ड्यात!" बाळ्याने पाना भिरकावला.

ताईने पाना उचलून आणला, तो सापडेपर्यंत दोनदा वाकली. बाळ्याने हेडर परत काढून नळी आणखी चेपली. तोवर ती स्वतःच गाडीखाली शिरली आणि हेडर वर उचलून धरले.

"लाव नट."

तो वाकला आणि थबकला. तिचे हात थरथरत होते. नळ्यांचं ओझं काही तेवढं नव्हतं.

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने. आधी नट लाव."

या खेपेला कुठे घासलं नाही. इंजिन सुरू झालं, नव्या नळ्यांवरचा रंग जळून थोडा वास सुटला, मग तोही गेला. टकटक थांबली होती. आवाज मात्र जरा जड झाला होता. बाळ्याला आनंद वगैरे काही झाला नाही. तो हात धुवायला गेला.

परत आला तर ताई शेजारच्या सीटवर बसलेली.

"तूच ने घरापर्यंत," ती म्हणाली.

आजवर तिने ते स्टिअरिंग कुणाच्या हाती दिलं नव्हतं, त्याच्यासुद्धा. काहीतरी चेष्टा त्याच्या ओठांवर आली, पण त्याने ती गिळली आणि गियर टाकला.

घर आलं तेव्हा ताईला डुलकी लागली होती. बाळ्याने इंजिन बंद केलं. तिला हलवून उठवायचं होतं, दार उघडायचं होतं, पण खांदा वर होईना. मग तोही तसाच बसून राहिला.