घराखालचं गोदाम

“तंबाखू खाता?” अमरावतीच्या छातीच्या डॉक्टरांनी माझ्या सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरून विचारलं.

“नाही. आमच्या घरात कोणीच खात नाही. आम्ही विकतो.”

त्यांनी फिल्म खाली ठेवली. “माल कुठे असतो?”

“घराखाली.”

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. म्हणजे दमट पानांवरची बुरशी आणि बारीक धूळ रोज श्वासातून आत जाते आणि फुप्फुसं चिडून सुजतात. फार वर्षं चाललं तर आत कायमचे व्रण पडतात. माझ्या फुप्फुसांवर ते पडायला लागले होते.

अंजनगाव सुर्जीत आमचं घर बाजाराला लागून. खाली गोदाम, वर आम्ही. पानं चुरून चाळायला घेतली की धूळ जिन्यातून वर यायची. संध्याकाळपर्यंत मला कणकण, कोरडा खोकला, छाती आवळलेली. गावात आधी न्यूमोनियाची औषधं झाली, मग टीबीच्या तपासण्या. टीबी नव्हता. बार्शीटाकळीला माहेरी गेले की खोकला थांबायचा. सासरी सगळे त्यावर हसायचे. तुमचं असं होत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. घर सोडल्यावर बरं वाटतं, हे डॉक्टरांना सांगाच.

पीएफटी झाली. नळीत जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद बघतात ती तपासणी. माझी फुंक मध्येच संपायची. स्टेरॉइड सुरू झाली, चेहरा सुजला, झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, “गोळ्या सूज उतरवतील. पण त्याच धुळीत राहिलात तर पुन्हा इथेच याल.”

सासऱ्यांना सांगितलं तर ते भडकले. “आपल्या घरात कोनं तंबाखू तोंडाले नाही लावला. गावात कावून बदनामी करून राहिली?”

“बाबा, धंदा करा. पन माल इथून हालवा. तोवर मी या घरात राहनार नाही.”

मी बॅग भरून माहेरी गेले. नवरा संजय आधी समजवायला यायचा. पण तिथे मी न खोकता जेवते, जिना चढते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. परत जाऊन त्याने ट्रॅक्टर लावला आणि सगळी पोती गावाबाहेरच्या शेडमध्ये नेली. बाबा त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. घर धुऊन, रंगवून झाल्यावरच मी परतले. व्रण तसेच आहेत. चढावर आजही थांबावं लागतं. थांबते, आणि चढते.

पण धूळ फक्त घरातून गेली होती. शेडमध्ये शरीफाबी तीच पानं चाळत होत्या. माझ्या लग्नाआधीपासून त्या आमच्याकडे कामाला. आता बोलतानाही त्यांना दम लागायचा.

“मले काई नाही झालं, बाई. ठसका तं सगळ्याइलेच लागते.”

“मी बी हेच म्हनत होती. चाला.”

बाबांनी गाडी दिली नाही. आम्ही एसटीने अमरावतीला गेलो.

“या तुमच्या कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“आमच्या गोदामात काम करतात. धूळ आमच्या मालाची आहे. लागतील त्या तपासण्या करा, खर्च आमचा.”

शरीफाबींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, नळी तोंडात धरली आणि जीव एकवटून फुंकली.