वांगं चाकूनंच काढायचं

माझ्या सासरी परसबागेतलं काहीही हातानं तोडायचं नाही, चाकूनंच काढायचं, असा नेम होता. नेम किती कडक? देवघरात चपला घालून गेलात तर एक वेळ माफी मिळेल, पण वांगं पिरगाळून तोडलंत तर खैर नाही. अकोल्याला आमच्या घरामागं दोन ट्रक उभे राहतील एवढी जागा आहे. काळी माती, उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की हातातला चमचा पडला तर गेलाच समजा. त्यात वांगी, भेंडी, चवळी, दोडक्याचा मांडव, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक आणि कोपऱ्यात कोहळ्याचा वेल.

घरातल्या प्रत्येकाकडं स्वतःचा एक मिटणारा चाकू. लाकडी मूठ, बोटभर पातं, खिशात मावेल असा. सासरे होते तोवर ते अचलपूरच्या बाजारातून आणायचे. पोर आठ-दहा वर्षांचं झालं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला बागेत न्यायच्या. डाव्या हातानं वेल धरायचा, फळाला बोटभर देठ ठेवायचा, पातं आपल्या अंगाकडं आणायचं नाही, हे सगळं दाखवायच्या आणि जमलं की चाकू हातात द्यायच्या. नवऱ्याला मिळाला, नणंदेला मिळाला. ज्याच्या हातून झाड दुखावलं त्याचा चाकू जप्त, तोही चारचौघांत. नवऱ्यानं लहानपणी चवळीचा वेल कापला होता म्हणून अख्खा पावसाळा त्याला चाकू नव्हता. अजून सांगताना त्याचा आवाज बारीक होतो.

मला चाकू मिळालाच नाही. बावीस वर्षं नाही.

मी अमरावतीची. आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भाजी खाली गाडीवर यायची, आई टोपली दोरीनं सोडायची. झाडावर वांगं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. चौथ्या दिवशी नवऱ्याला भरली वांगी करून घालावी म्हणून उत्साहानं बागेत गेले. देठाला काटे असतात एवढंही मला ठाऊक नव्हतं. काटा टोचला म्हणून मी वांगं पिरगाळलं, ओढलं आणि फांदीच हातात आली. तिच्यावर दोन छोटी वांगी होती आणि तीन फुलं.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती फांदी उचलली, पाण्याच्या ग्लासात घातली आणि पुढच्या खोलीत टीव्हीवर नेऊन ठेवली. नवी सून बघायला बायका यायच्या आणि विचारायच्या, "हे काय वं?"

"सूनबाईनं तोडली," आत्याबाई सांगायच्या. "अमरावतीची हाये ना. तिकडं भाजी गाडीवरच उगवते."

बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. फांदी सुकून काळी झाली तरी तिथंच. पंधरा दिवसांनी माझी आई पहिल्यांदा आली, तेव्हा तिलाही दाखवली. आई कसंनुसं हसून म्हणाली, "शिकंल हळूहळू."

"तुमी एवढ्या वर्षात शिकवलं नाई, आता मी शिकवू का?"

आईनं चहा अर्धाच घेतला आणि बस आहे म्हणून लवकर निघाली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मला कुणी काही बोललं तर मी एक वेळ विसरेन. पण माझ्या आईचा पाणउतारा? नाही म्हणजे नाहीच.

त्यानंतर बाग मला बंद झाली. रोज सकाळी आत्याबाई कमरेच्या पिशवीतून चाकू काढायच्या, भाजी कापून आणायच्या आणि ओट्यावर ठेवायच्या. जे ठेवतील ते मी शिजवायचं. सलग सहा दिवस दोडका असेल तर सहा दिवस दोडका. आयत्या वेळी पाहुणे आले की मी मागच्या दारात उभं राहून हाक मारायची, "आत्याबाई, थोडा सांभार पायजे होता." त्या मुद्दाम वेळ लावायच्या. इकडं कढईतलं वरण उकळून घट्ट व्हायचं. दारापासून सांभाराचा वाफा चार पावलांवर होता. चार पावलं! माझे केस पांढरे व्हायला लागले, पण ती चार पावलं माझी झाली नाहीत.

मी रडत बसले असेन असं कुणाला वाटत असेल तर चूक आहे. मी वाट बघत होते.

मग त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायला थेंब वेळेवर घाला. थेंब मीच घालायचे, दिवसातून दोनदा, एकही वेळ न चुकवता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर माझ्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

नजर गेली तरी त्या बागेत जातच होत्या. हातानं चाचपायच्या, वांग्याचं पोट अंगठ्यानं दाबून बघायच्या, देठ शोधायच्या आणि चट्कन कापायच्या. दारात कोण आलं ते त्यांना दिसायचं नाही. टीव्ही नुसता ऐकायच्या. ताटात कुठं काय वाढलंय ते मला सांगावं लागायचं. पण आज घरात काय शिजणार हे अजून त्याच ठरवायच्या. त्या बोटभर पात्यावर त्यांचा सगळा रुबाब उभा होता. मला ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मला तो चाकू हवा होता.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. दोडक्याचा मांडव पिवळ्या फुलांनी भरला होता, बोट-बोटभर दोडके लागले होते. आत्याबाई मांडवाखाली बसून रानवेल काढत होत्या. हा रानवेल दोडक्याला विळखा घालून बसतो, तो बुडातून कापावा लागतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कणीक मळत उभी होते. त्यांनी डाव्या हातानं एक वेल धरला. तो रानवेल नव्हता, दोडक्याचा बुंधा होता. मला स्वच्छ दिसत होतं. त्यांनी चाकू लावला, थांबल्या, पुन्हा चाचपलं. खिडकी उघडी होती. "आत्याबाई, तो नाई" एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं नाही. कणकेचे हात तसेच परातीत ठेवले आणि बघत राहिले. त्यांनी कापला.

त्या दिवशी नणंद अमरावतीहून जेवायला आली होती. जेवणं होईपर्यंत मी चकार शब्द काढला नाही. उलट हसून-खेळून वाढलं, नणंदेला आग्रह करकरून दोन पोळ्या जास्त घातल्या. दुपारी शेजारच्या दोघी गप्पा मारायला आल्या. तोवर पानांनी माना टाकल्या होत्या. मग मी म्हणाले, "अगं बाई, दोडक्याला काय झालं बघा ना!" आणि सगळ्यांना घेऊन बागेत गेले. आत्याबाईंना हात धरून नेलं.

"आत्याबाई, वेल सुकून राहिला. बघा बरं काय झालं."

त्या खाली बसल्या. पानाला हात लावला, मग वेलाच्या आधारानं बोटं खाली सरकवत नेली. कापलेल्या जागी बोट थांबलं. तिरपा, स्वच्छ काप. घरात असा काप एकच हात घ्यायचा. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. नणंदेनं तोंडावर हात ठेवला.

मी हात पुढं केला. त्यांना तो दिसला नसावा, म्हणून बोललेही. "द्या."

"काय?" त्या म्हणाल्या.

"चाकू. नेम तुमचाच हाये ना?"

नवरा म्हणाला, "अवं, जाऊ दे ना." पण पुढं आला नाही. चाकूच्या बाबतीत तो अजून आठ वर्षांचाच आहे. आत्याबाईंनी कमरेची पिशवी सोडायला घेतली. गाठ सुटेना. मी मदत केली नाही. शेजारच्या दोघी बघत होत्या, आणि त्यांनी बघावं असंच मला वाटत होतं. शेवटी गाठ सुटली. चाकू माझ्या हातावर आला तेव्हा मूठ गरम होती.

एवढ्यावर थांबले असते तर निदान न्याय तरी म्हणता आला असता. पण नाही. संध्याकाळी मी त्या कापलेल्या वेलाचा शेंडा ग्लासात घातला आणि त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला. त्यांना दिसत नव्हता, पण पाण्याचा तांब्या घ्यायला हात लांबवला की बोटांना पानं लागायची. पहिल्या दिवशी ओली, मग मऊ, मग कुरकुरीत. त्यांनी तो ग्लास काढ असं एकदाही म्हटलं नाही.

खोटं कशाला बोलू, मजा आली. आठ दिवस फार मजा आली. सकाळी उठून चाकू घेऊन बागेत जायचं, मनात येईल ते कापायचं. एक दिवस कोवळी भेंडी, एक दिवस नुसत्या चवळीच्या शेंगा. मागायचं नाही, थांबायचं नाही. मी देठ लांब ठेवायचे, आखूड ठेवायचे, कुणी विचारणारं नव्हतं.

नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी ओट्यावर तीन वांगी होती. मी ठेवलेली नव्हती. हातात घेऊन पाहिली. देठ कापलेले नव्हते, पिरगाळलेले नव्हते. कुरतडलेले होते. देठाच्या काट्यांवर लाल ठिपके होते. चाकू नाही, आणि हातानं तोडायचं नाही हा नेम तर त्यांचाच. मग त्या म्हाताऱ्या बाईनं झाडाशी वाकून दातांनी देठ तोडले होते. तीन वांग्यांचे. फांदीला ओरखडा नव्हता.

मला सगळं कळलं. कुणी म्हणेल, तिथं तरी हिचं काळीज हललं असेल. हललं. पण माझ्या जिभेला ते कळायला वेळ लागला. जेवताना नवऱ्याला मी मोठ्यानं सांगितलं, "बागेत उंदीर लागला वाटते. वांग्याचे देठ कुरतडून ठेवले बघा."

आत्याबाई समोर बसल्या होत्या. खालचा ओठ सुजला होता. भाजीत तिखट होतं, तरी त्यांनी घास थांबवला नाही.

नवरा बिचारा साधा माणूस. त्यानं माळ्यावरून पिंजरा काढला, त्यात पोळीचा तुकडा लावला आणि वांग्याच्या वाफ्यात नेऊन ठेवला. खाटेजवळून जाताना म्हणाला, "आई, बागेत पिंजरा हाये, पाय लागू देऊ नको. उंदीर लय माजले." त्या मान हलवून "हाव" म्हणाल्या. मी तिथंच उभी होते. त्यांना वाटलं असेल मी खरंच उंदराचंच काम समजले, अशी मी माझी समजूत काढली. त्या समजुतीवर मी चार रात्री नीट झोपले.

त्या बागेत जायच्या बंद झाल्या. मग अंगणात यायच्या बंद झाल्या. मग खाटेवरून उठेनात. ताट पुढं ठेवलं की दोन घास घ्यायच्या, आणि काय भाजी आहे हे विचारायच्या नाहीत. एक दिवस मी मुद्दाम आदल्या दिवशीचंच कोहळं पुन्हा वाढलं. त्या काही बोलल्या नाहीत. बावीस वर्षांत ज्या बाईनं माझ्या भाजीतलं मीठ एकदाही बिनबोलता गिळलं नव्हतं, ती बाई गप्प! वांगी झाडावर पिवळी पडली, भेंडी काडीसारखी जून झाली. मला कापावंसं वाटेना. कुणासाठी कापू आणि कुणाच्या नाकावर टिच्चून कापू?

शेवटी एका सकाळी मी चाकू फडक्यानं पुसला, उघडला आणि त्यांच्या खाटेशी जाऊन बसले. त्यांचा हात धरला, मूठ त्यांच्या तळव्यावर ठेवली. म्हणाले, "आत्याबाई, चला ना. वांगी जून होऊन राहिली. मले काई जमत नाई. तुमीच काढा."

त्यांनी चाकू ओळखला. अंगठा पात्याच्या पाठीवरून हळूच फिरवला, मग दुसऱ्या हातानं पातं मिटलं. खट्कन आवाज आला. मिटलेला चाकू चाचपत चाचपत माझ्या मांडीवर ठेवला.

"उंदराले चाकू कायले पायजे वं?" त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या.