टाकेवाल्या बाईंची प्रार्थना

इस्पितळाच्या शिवणखोलीत चादरी आणि रुग्णांचे डगले शिवणाऱ्या बाईंना सगळे ‘टाकेवाल्या बाई’ म्हणत. डॉक्टर थट्टेनं म्हणायचे, “टाके आम्हीही घालतो, पण तुमचे उसवत नाहीत.” बाई हसायच्या आणि घड्याळाकडे बघायच्या. सुटी झाली की थेट घर गाठायचं, मध्ये कुठे रेंगाळायची सोय नव्हती.

घरी नवरा. एकेकाळी क्रेन चालवणारा, गडगडाटी हसणारा माणूस. चार वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच उरलं, आणि तेही उलटसुलट पडायचं. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. तेव्हापासून तो खाली उतरलाच नव्हता. कामावर जाताना बाई बाहेरून कुलूप लावायच्या. दुपारी शेजारीण उघडून त्याला भरवायची. किल्ली फिरवून बाई दार दोनदा ओढून बघायच्या. संध्याकाळी आतून कडी लावली की वाटायचं, आता आपणही कोंडलो.

अशात शिवणखोली बंद होणार असल्याची नोटीस लागली. बाईंची बदली लांबच्या गावी होणार होती. लेकीनं फोनवर सांगितलं, “आई, बाबांना सेवागृहात ठेवू. अर्ज तुला पाठवलाय. शुक्रवारपर्यंत सही कर.”

अर्ज टेबलावर पडून राहिला. बाई रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून प्रार्थना करायच्या. नवरा धडधाकट होता तेव्हा थट्टेनं विचारायचा, “काय, लागला का फोन वर?” आता बाईच देवाला विचारत होत्या, काय करू? सही करायला बसायच्या आणि पेन खाली ठेवायच्या, नाही करायची म्हटलं की पुन्हा उचलायच्या.

बुधवारी त्या प्रार्थनाघरातल्या म्हाताऱ्या गुरुजींकडे गेल्या.

“गुरुजी, देव मला काहीच सांगत नाही.”

“मलाही क्वचितच सांगतो,” गुरुजी म्हणाले. “पण बाई, तुम्ही बसता कुठे?”

“स्वयंपाकघरात. दार लोटून.”

“आणि यजमान?”

“ते पलीकडे. त्यांचा विश्वास नाही.”

“मग उद्या दार उघडं ठेवा. निदान त्यांना कळू दे तुम्ही काय विचारताय ते.”

बाईंना हा सल्ला पोकळच वाटला. तरी गुरुवारी सकाळी त्या स्टूल उचलून पलंगाशी गेल्या. अर्जाचं सगळं नवऱ्याला सांगितलं. मग त्यांनी लहानपणापासूनची प्रार्थना मोठ्यानं म्हटली. शेवटच्या ओळीशी त्या अडल्या.

“तू पुढे हो...”

“मी मागून येतो,” नवरा म्हणाला.

स्पष्ट. आपल्या जुन्या, जाड आवाजात. बाई नेहमी ‘येते’ म्हणायच्या. ‘येतो’ हा त्यांचा शब्द नव्हता. कधीतरी त्याच्या आईनं त्याला शिकवलेला असणार, आणि इतकी वर्षं थट्टेखाली तो तसाच राहिला होता.

“अहो, पुन्हा म्हणा! पाणी म्हणा. माझं नाव घ्या!”

“नको,” तो म्हणाला, आणि रडू लागला.

लेकीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि ती हळूच म्हणाली, “आई, हा चमत्कार नाही. पाठ केलेलं कधीकधी उरतं म्हणतात डॉक्टर.”

“नसू दे चमत्कार. पण ते आत आहेत गं. त्यांना तिकडे कोण ओळ सुरू करून देईल?”

बाईंनी अर्ज कोरा परत पाठवला आणि नोकरी सोडली. शिवणयंत्र खिडकीशी आणून त्या लोकांचे पडदे शिवू लागल्या. जिना तेवढाच अरुंद राहिला. लेक दोन महिने धड बोलली नाही. कधीकधी बाईंना वाटतं, चूक झाली, आणि त्या दिवशी भिंती अंगावर येतात. सकाळी मात्र त्या पलंगाशी बसतात, पहिली ओळ म्हणतात आणि थांबतात. बहुतेक दिवशी तो पुढचं म्हणतो.